बंधाऱ्याला बरगे, दंडाला पट्टा : नव्यानं बीएफआर करणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालमीच्या जिममध्ये एक पोरगा आरशासमोर बायसेप्स मारत होता. दोन्ही दंडांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, दोन-दोन वेढे, गाठ दातानं ओढून घट्ट केलेली. हातात डंबेल जेमतेम ५ किलोचं. आधी मला हसू आलं, मग त्याच्या नखांकडं लक्ष गेलं. नखं जांभळट पडली होती. तळहात फ्रिजमधल्या बाटलीसारखा गार. मनगटावर नाडी शोधली, तर सापडेना.

"सोड आधी ते."

"दादा, बीएफआर हाय हे. मोबाईलवर बघितलंय. कमी वजनात डबल पंप."

गाठ काही सुटेना, शेवटी कात्रीनं कापली. मिनिटभरात हाताला रंग आला, मुंग्या जायला मात्र अर्धा तास गेला. पोरानं नाव बरोबर सांगितलं होतं, केलं होतं भलतंच. त्या दिवशी त्याला बाकड्यावर बसवून जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

बीएफआर म्हणजे ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन. दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला हवेचा पट्टा बांधायचा, मोजून दाब द्यायचा आणि हलक्या वजनानं व्यायाम करायचा. ज्यानं आमच्या कोल्हापुरातला कसबा बावड्याचा राजाराम बंधारा पाहिलाय त्याला हे समजायला वेळ लागू नये. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात. वरून पंचगंगेचं पाणी येत राहतं, पुढं जायची वाट अडते आणि मागं फुगवटा धरतो. सगळी करामत जाणारं पाणी अडवण्यात आहे. येणारं पाणी तोडलं तर नदीच आटेल.

शाळेत शिकलेल्या रोहिणी आणि नीला आठवा. रोहिण्या जाड भिंतीच्या, त्यांच्यात दाब भरपूर. नीला पातळ भिंतीच्या, त्यांच्यात दाब अगदी कमी. बाहेरून बेतानं आवळलं की आधी नीला दबतात. रोहिण्यांतून रक्त येत राहतं, पण नेहमीपेक्षा कमी. परतीची वाट मात्र जवळजवळ बंद होते. पट्ट्याच्या खाली रक्ताचा फुगवटा तयार होतो. आमच्या पोरानं ट्यूबनं नदीच तोडली होती.

ही कल्पना जपानची. योशिआकी सातो नावाचा तरुण १९६६ साली एका बौद्ध विधीला बराच वेळ गुडघे मुडपून, आपल्या वज्रासनासारखा बसला होता. पोटऱ्या बधिर झाल्या, चोळायला घेतल्या, तर पोटऱ्यांचा व्यायाम केल्यावर जसा फुगीरपणा येतो तसाच वाटला. मग दोऱ्या, पट्ट्या, सायकलच्या ट्यूब असं सगळं स्वतःच्या अंगावर करून बघत त्यांनी पद्धत बसवली. तिचं जपानी नाव 'काआत्सू', म्हणजे जादा दिलेला दाब. ट्यूबपासून सुरुवात त्यांनीही केली, पण पुढं दाब मोजणाऱ्या हवेच्या पट्ट्यांवर आले. आमच्या पोरांचा व्हिडिओ नेमका पहिल्याच टप्प्यावर संपलेला असतो.

पट्टा बांधल्यावर आत काय चालतं

माझं स्वतःचं उदाहरण घेतो. पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळताना डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. सहा आठवड्यांनी टेप लावली तर डावी मांडी उजवीपेक्षा ३ सेंटिमीटरनं उतरलेली. गुडघा जड वजन घेऊ शकत नाही आणि जड वजनाशिवाय मांडी भरत नाही, अशी कोंडी. सर्जनची परवानगी घेऊन फिजिओथेरपीच्या मॅडमनी मांडीला पट्टा लावला आणि नुसता सरळ पाय उचलायला सांगितला. वजन शून्य. मनात म्हटलं, ही काय चेष्टा.

पहिल्या दहा वेळा खरंच काही वाटलं नाही. पंधराव्याला मांडीत ऊब आली. विसाव्यापासून आग सुरू झाली, आणि पंचविसाव्याला तर पाय माझा नसल्यासारखा थरथरत होता. ३० झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "अर्धा मिनिट थांबा. पट्टा सोडायचा नाही." त्या अर्ध्या मिनिटात आग कमी होण्याऐवजी साचूनच राहिली. का, ते बघू.

स्नायूत साधारण दोन तऱ्हेचे तंतू असतात. मंद तंतू ऑक्सिजनवर चालतात, दम धरतात आणि हलक्या कामाला तेवढे पुरतात. जलद तंतू जाड आणि ताकदीचे, पण लवकर दमणारे. शरीर काटकसरी आहे. हलकं वजन उचलायला ते जलद तंतूंना हाकच मारत नाही, त्यांना राखीव खेळाडूंसारखं बाकावर बसवून ठेवतं. एरवी त्यांना मैदानात उतरवायचं तर जड वजन तरी हवं, नाहीतर हलक्या वजनावर अगदी दमून थांबेपर्यंत रेप्स, म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा, तरी. तालमीतल्या शेकडो बैठकांच्या शेवटी मांड्यांत जी आग पेटते, ती या दुसऱ्या वाटेनं आलेली असते.

पट्टा बांधला की ही वाट आखूड होते. ऑक्सिजन कमी पडतो, मंद तंतू लवकर थकतात आणि मेंदूला नाइलाजानं राखीव खेळाडू उतरवावे लागतात, तेही हातात किरकोळ वजन असताना. त्याच वेळी कामातून तयार झालेला माल, म्हणजे लॅक्टेट, हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट, वाहून जायला वाट नसते. तो जागेवरच साचतो. आग त्याचीच, आणि विश्रांतीत ती विझत नाही तीही त्यामुळंच. भरीला पाणी स्नायूच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. हा फुगवटा म्हणजे पेशीला वाढ सुरू करण्याचा एक इशारा असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण पुरुषांनी कमाल क्षमतेच्या फक्त २० टक्के वजनावर पट्टा बांधून लेग एक्स्टेंशन, म्हणजे बसून गुडघा सरळ करायचा व्यायाम, केला. तीन तासांनी त्यांच्या मांडीच्या स्नायूत प्रथिनं बनण्याचा वेग ४६ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

व्हिडिओवाले आणखी एक आकडा फेकतात : ग्रोथ हार्मोन २९० पट! हा आकडा २०००च्या एका जपानी अभ्यासातला आहे, खोटा नाही. पण मिनिटं-तासांपुरता उसळून ओसरणारा हा हार्मोन स्नायू वाढवतो, असा त्याचा अर्थ होत नाही. वाढीचं श्रेय आज मुख्यतः जलद तंतूंवर पडलेल्या ताणाला देतात. तेव्हा २९०च्या नादाला लागून दाब वाढवू नका.

आता हृदयाचं, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. पाया-हातांत रक्त अडकलं की हृदयाकडं परतणारं रक्त घटतं. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं, म्हणून हृदय ठोके वाढवून ती तूट भरून काढतं. साचलेल्या मालामुळं स्नायूतल्या मज्जातंतूंची बोंब सुरू होते आणि रक्तदाबही चढतो, तेवढंच हलकं वजन पट्ट्याविना उचलल्यावर चढेल त्यापेक्षा जास्त. वजन हलकं म्हणून हृदयालाही हलकं, हा समज सोडून द्या.

पट्टा सोडल्यावर काय होतं, हे एकदा अनुभवावं. बरगे काढल्यावर पाणी सुटतं तसं रक्त धावतं, कातडी लालसर होते, ऊब खाली बोटांपर्यंत उतरते आणि आग काही सेकंदांत विरते. ते सुख मला अजून आठवतं.

मिळतं काय, मिळत नाही काय

आमच्या वस्तादांनी पट्टा पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाले, "आरं, दंडाला नाडी बांधून कुठं ताकद येतीया व्हय?" निम्मं त्यांचं बरोबर आहे. बीएफआरनं स्नायूचा आकार जड वजनाच्या व्यायामाच्या जवळपास वाढतो. ताकद मात्र जड वजनानं जास्त येते. जड ओझं पेलायला मज्जासंस्थेला शिकवावं लागतं, आणि ते शिक्षण जड ओझ्याखालीच होतं. ज्याचे सांधे, कणा, गुडघे धडधाकट आहेत त्यानं आपलं वजन, आपले जोर-बैठका सोडून याच्यामागं लागू नये. दुखापतीतून उठणाऱ्याला, गुडघेदुखीमुळं वजन न झेपणाऱ्याला, वयानं मांड्या उतरलेल्याला किंवा स्पर्धेआधीच्या आठवड्यात सांध्यांना आराम देऊ पाहणाऱ्याला हे खरं उपयोगी.

पहिली पायरी : तुम्ही यात बसता का?

ही पायरी जिममध्ये चढायची नाही, डॉक्टरांकडं चढायची. पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, घरात तसा इतिहास असेल, ठळक व्हेरिकोज व्हेन्स (पायाच्या फुगलेल्या शिरा) असतील, ताब्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, सिकलसेल, गरोदरपण, मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेली, डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (जोडलेली शीर), कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढलेल्या, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय पट्ट्याला हात लावू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी सर्जनला विचारायचं. माझ्यासारखं गाठीशी फिजिओ असेल तर उत्तम.

भीती दाखवायची नाही, म्हणून आकडेही देतो. जपानमध्ये काआत्सू करणाऱ्या १२,६०० हून जास्त लोकांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. कातडीखाली रक्त साकळल्याचे डाग सुमारे १३ टक्के लोकांना, बधिरपणा १.३ टक्के लोकांना. नीलेत गुठळी ०.०५५ टक्के, म्हणजे दहा हजारांत पाच-सहा. गंभीर प्रकार दुर्मीळच. पण हे सगळं जाणत्या माणसांच्या हाताखाली झालेलं होतं, ट्यूब आणि दातानं ओढलेल्या गाठीखाली नव्हे.

दुसरी पायरी : पट्टा

ट्यूब नको, नाडी नको, गुडघ्याला गुंडाळायची इलॅस्टिक पट्टीही सुरुवातीला नको. तिच्यात दाब किती बसला हे कळायला मार्ग नाही. हवा भरायचा, दाबाचा काटा किंवा आकडा दाखवणारा, बीएफआरसाठीच बनवलेला पट्टा घ्या. बीपी मशीनचा पट्टा दिसायला तसाच असतो, पण हालचालीत त्याचं वेल्क्रो सुटतं आणि बहुतेकांच्या मांडीला तो पुरतही नाही. रुंद पट्टा घ्यावा. रुंद पट्ट्याला तेच काम कमी दाबात जमतं आणि कातडीला चावतही नाही. आत पातळ कापड किंवा टी-शर्टची बाही असू द्या.

जागा दोनच : दंडावर काखेलगत आणि मांडीवर जांघेलगत. कोपराखाली, गुडघ्याखाली, पोटाला नाही. आणि मानेला कधीही नाही. हे वेगळं लिहावं लागतंय, कारण कुस्तीच्या गावात मान कमावण्याचं वेड आहे आणि एका पैलवानानं मला हा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला होता.

तिसरी पायरी : दाब मोजणं

इथंच सगळं ठरतं, म्हणून घाई नको. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. दंड जाड असेल, रक्तदाब जास्त असेल तर जास्त दाब लागतो. मित्राचा आकडा उसना घ्यायचा नाही, आणि आपला डाव्या हाताचा आकडा उजव्याला लावायचा नाही.

ज्या स्थितीत व्यायाम करणार त्याच स्थितीत, पाच मिनिटं शांत बसून मोजा. पट्टा दंडावर चढवा. दुसऱ्या माणसानं तुमच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूची नाडी धरायची. हळूहळू हवा भरा. ज्या आकड्याला नाडी लागायची थांबली तो तुमचा पूर्ण बंदचा आकडा. लगेच हवा सोडा. समजा १३० ला (बीपीच्याच मापात, मिमी पाऱ्यात) नाडी गेली. हातासाठी त्याच्या ४० ते ५० टक्के, म्हणजे ५२ ते ६५, एवढ्यातच काम करायचं. पायासाठी नाडी घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागं सापडते, शोधायला जरा वेळ लागतो. तिथं ५० ते ८० टक्क्यांपर्यंत जातात, पण नवख्यानं ५० वरच सुरुवात करावी. नाडी १८० ला गेली असेल तर ९०. बोटानं नाडी बघणं हे कामचलाऊ आहे. फिजिओकडं रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं डॉप्लर यंत्र असतं, त्यावर एकदा खात्री करून घेतली तर बरं. पट्टा बदलला की आकडाही नव्यानं काढायचा.

दाब दिल्यावर एक तपासणी प्रत्येक वेळी करा. तळहाताच्या फुगीर भागावर अंगठा दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका तीनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. झाला नाही तर दाब जास्त आहे. हात लालसर, भरलेला दिसणं ठीक. पांढराफटक किंवा निळा दिसणं ठीक नाही.

चौथी पायरी : वजन आणि रेप्स

एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या २० ते ४० टक्के वजन घ्यायचं. २० किलोचा कर्ल एकदा निघत असेल तर ४ ते ८ किलो. नवख्यानं कमाल वजन आजमावण्याच्या भानगडीत पडू नये. पट्ट्याशिवाय तीस-चाळीस रेप्स गप्पा मारत होतील असं वजन निवडावं. लाज वाटेल इतकं हलकं असेल तर ते बरोबर आहे.

पहिला सेट ३० रेप्सचा, पुढचे तीन १५-१५ चे, मध्ये ३० सेकंद थांबायचं आणि तेव्हा पट्टा तसाच ठेवायचा. दोन सेकंदांत वर, दोन सेकंदांत खाली. ७५ रेप्सना ५ मिनिटं आणि विश्रांतीची दीड, म्हणजे साडेसहा मिनिटांत एक व्यायाम संपतो. संपला की हवा पूर्ण सोडायची. पुढच्या व्यायामाआधी चार-पाच मिनिटं पट्टा मोकळा. एका वेळी हात तरी किंवा पाय तरी, दोन्हीला एकदम पट्टे नकोत. आठवड्यातून दोन-तीनदा बास.

पहिल्या दिवशी चारही सेट पुरे करण्याचा हट्ट नको. ३० आणि १५ करून थांबा आणि दोन दिवस अंग काय सांगतं ते बघा. जड वजनापेक्षा स्नायूंची तूटफूट यात कमी असली तरी पहिल्यांदा अंग दुखतंच. ते दुखणं आणि धोक्याची खूण यांत गल्लत करू नका. व्यायाम करताना बधिरपणा, टोचल्यासारख्या मुंग्या, चक्कर, छातीत दडपण, किंवा जळजळीपेक्षा वेगळी कळ आली तर सेट कितवा ते न मोजता हवा सोडा. नंतरच्या दिवसांत एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल, धाप लागत असेल, किंवा स्नायू दगडासारखे होऊन लघवी काकवीच्या रंगाची झाली, तर जिमच्या ग्रुपवर फोटो टाकत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

वजन नकोच असेल तर

नुसतं चालणंही चालतं. २००६ च्या एका जपानी प्रयोगात तरुणांनी मांड्यांना पट्टे बांधून ट्रेडमिलवर मिनिटाला ५० मीटर, म्हणजे ताशी ३ किलोमीटर वेगानं चालायचं ठरवलं. रंकाळ्यावर शेंगा खात फिरणारेही याहून जोरात चालतात. दोन-दोन मिनिटं, पाच वेळा, मध्ये एकेक मिनिट थांबून. दिवसातून दोनदा, आठवड्याचे सहा दिवस. तीन आठवड्यांत मांडीचे स्नायू ४ ते ७ टक्के वाढले, ताकद ८ ते १० टक्के. पट्टे न बांधता तसंच चालणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही. पुढं वयस्कर लोकांवरही असेच प्रयोग झाले. माझे वडील सकाळी रंकाळ्याला जातात, त्यांच्यासाठी मी हे मनात धरून आहे, पण आधी त्यांचा बीपीचा रिपोर्ट यायचाय. आणि पहिले काही दिवस हे घरात किंवा जिममध्ये, कुणीतरी शेजारी असताना करायचं, एकट्यानं तलावाच्या कडेनं नाही.

खाण्याचं थोडक्यात : स्नायू वाढायला प्रथिनं लागतातच. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलात तर चांगलंच, पण पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या रिचवून 'प्रोटीन झालं' म्हणू नका. प्रोटीन वाटीत कमी आणि ताटातल्या मटणात जास्त असतं.

ते ट्यूबवालं पोरगं अजून येतं. भिंतीवरच्या वहीत त्याच्या नावापुढं उजवा १२६, डावा १३२ असं लिहिलंय आणि समोर निम्मे आकडे : ६३, ६६. दर महिन्याला पुन्हा मोजतो. कापलेली ट्यूब वाया गेली नाही, जिमचं मागचं दार वाऱ्यानं आपटायचं, त्याच्या कडीला ती बांधून टाकली.